पेन्शनीत मुलं वाढवताना: ब्रिटनमध्ये टॅक्स क्रेडिट बंद झाल्यावर काय करायचं

तुमचं वय सहासष्टच्या पुढे आहे, घरात शाळेत जाणारं मूल आहे, आणि खात्यात वर्षानुवर्षं येणारी 'टॅक्स क्रेडिट'ची रक्कम आता येत नाही. किंवा ती कधी आलीच नाही, आणि लेकीच्या आजारपणामुळे, मुलाच्या घटस्फोटामुळे किंवा त्याहून वाईट कारणाने नातवंडं अचानक तुमच्याकडे राहायला आली आहेत. किंवा उशिरा लग्न झालं आणि पेन्शन सुरू झाली तेव्हा धाकटी अजून प्राथमिक शाळेत आहे. तिघांसाठीही ब्रिटनमधले नियम आता एकाच वाटेवर येतात.

आधी बदल काय झाला ते. मुलं असलेल्या घरांना २००३ पासून मिळणारं चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि कमी पगारावर काम करणाऱ्यांचं वर्किंग टॅक्स क्रेडिट, दोन्ही ५ एप्रिल २०२५ ला कायमची बंद झाली. त्याआधी २०२४ च्या उन्हाळ्यापासून पेन्शनच्या वयातल्या लोकांना पत्रं जाऊ लागली होती. ज्यांना फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत होतं त्यांना 'पेन्शन क्रेडिटसाठी अर्ज करा' (ही कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी मदत) असं पत्र, आणि ज्यांना नोकरीमुळे वर्किंग टॅक्स क्रेडिटही मिळत होतं त्यांना 'युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज करा' (ही मुख्यतः कामाच्या वयातल्या, कमी उत्पन्नाच्या घरांची मदत) असं. पत्रात तीन महिन्यांची मुदत होती.

गंमत अशी, की पत्र वाचून बहुतेकांचा समज झाला की सरकार आपलं खातं इकडून तिकडे हलवणार. तसं काहीच होत नव्हतं. अर्ज केला नाही तर जुनं बंद आणि नवीन सुरू नाही. मी ज्या ज्येष्ठांचे फॉर्म भरून देते त्यांच्यातल्या एका काकूंनी ते पत्र देवघराच्या खणात जपून ठेवलं होतं, 'सरकारी आहे, हरवायला नको' म्हणून. पैसे बंद झाल्यावर पाच महिन्यांनी ते बाहेर निघालं.

तुमचीही मुदत गेली असेल तरी पेन्शन क्रेडिटचा नवा अर्ज केव्हाही करता येतो. मुदतीत अर्ज करणाऱ्यांना जुन्या रकमेपेक्षा नवी रक्कम कमी पडू नये म्हणून जी तात्पुरती भर मिळत होती, ती मात्र आता मिळणार नाही.

सगळ्यात आधी व्हिसा बघा

हे पहिलं लिहिते, कारण इथे चूक झाली तर पैसे परत करण्यावर भागत नाही, पुढच्या व्हिसावर परिणाम होतो. पेन्शन क्रेडिट, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट (मुलामागे मिळणारा भत्ता), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची मदत) ही सगळी 'पब्लिक फंड्स' या गटात येतात. तुमच्या ई-व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' अशी अट असेल तर अर्ज करू नका, आधी सल्ला घ्या. मुलगा-सून नोकरीला जातात म्हणून भारतातून व्हिजिटर व्हिसावर येऊन नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना यातलं काहीही लागू नाही, मग ती दिवसभर कितीही राबोत. मुलांनी लेखी हमी देऊन ज्यांना वयस्क नातेवाईक म्हणून कायमचं बोलावून घेतलं आहे, त्यांनाही साधारण पहिली पाच वर्षं हा दरवाजा बंद असतो.

स्टेट पेन्शन वेगळी. ती तुम्ही भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर, म्हणजे कमाईतून कापल्या गेलेल्या हप्त्यांवर मिळते, ती पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत.

तुम्हाला अट नाही पण जोडीदाराच्या व्हिसावर आहे, असंही घर असतं. तिथे पेन्शन क्रेडिटचा हिशेब तुम्ही एकटे आहात असं धरून होतो. अर्ज करण्याआधी मात्र एकदा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला किंवा इमिग्रेशनच्या सल्लागाराला कागद दाखवा.

दोघांची वयं किती?

एकटे असाल आणि स्टेट पेन्शनचं वय झालं असेल तर तुमची वाट पेन्शन क्रेडिटची. हे वय २०२६ ते २०२८ या काळात ६६ वरून टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे, म्हणजे ६ एप्रिल १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी आपली नेमकी तारीख सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्यायची. जोडप्यात दोघांचंही वय झालं असेल तरी पेन्शन क्रेडिटच.

अडचण आपल्याकडच्या घरांत येते ती वयातल्या अंतराची. नवरा अडुसष्टचा, बायको साठीची, हे आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण १५ मे २०१९ पासून नियम असा आहे की जोडप्यातला एकजण जरी पेन्शनच्या वयाखाली असेल तर नव्याने पेन्शन क्रेडिट मिळत नाही. दोघांनी मिळून युनिव्हर्सल क्रेडिट मागायचं. (त्या तारखेआधीपासून ज्यांना पेन्शन क्रेडिट मिळतंय आणि मध्ये खंड पडला नाही, त्यांचं चालू राहतं.)

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तुमची स्टेट पेन्शन पौंडाला पौंड वजा होते. २०२५-२६ चे आकडे घ्या: जोडप्याची मूळ रक्कम महिन्याला ६२८.१० पौंड, एका मुलाचे २९२.८१ पौंड. बेरीज ९२०.९१. नवऱ्याला पूर्ण नवी स्टेट पेन्शन असेल तर तीच महिन्याला ९९७.७५ पौंड होते. हातात शून्य. घरभाडं असेल, मुलाला अपंगत्व असेल, किंवा पेन्शन पूर्ण नसेल तरच काही उरतं. शिवाय सोळा हजार पौंडांच्या वर बचत असेल तर दार बंद, आणि धाकट्या जोडीदाराला काम शोधण्याच्या अटी लागू होऊ शकतात. दोघांची वयं जवळजवळची असलेल्या शेजारच्या जोडप्याला पैसे मिळतात आणि तुम्हाला नाहीत, याचं कारण इतकंच. तुम्ही काही चुकवलेलं नाही. धाकटा जोडीदार पेन्शनच्या वयाला पोचला त्याच आठवड्यात पेन्शन क्रेडिटचा अर्ज करायचा, हे मात्र कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये २०१७ पासून असलेली 'दोनच मुलं' ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून काढण्याचं नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. पेन्शन क्रेडिटमध्ये ही मर्यादा कधी नव्हतीच. तीन नातवंडं असतील तर तिघांचे पैसे धरले जातात.

हिशेब, वहीत मांडून

लोक इथेच हार मानतात. 'माझी पेन्शन पूर्ण आहे, मला नाही मिळायचं', हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही, सरळ वही काढते.

पेन्शन क्रेडिट म्हणजे सरकारने ठरवलेली एक किमान रक्कम. तुमचं उत्पन्न तिच्याखाली असेल तर मधली तूट सरकार भरून देतं. २०२५-२६ मध्ये ही किमान रक्कम एकट्याला आठवड्याला २२७.१० पौंड आणि जोडप्याला ३४६.६० पौंड होती. पूर्ण नवी स्टेट पेन्शन त्याच वर्षी २३०.२५ पौंड. म्हणजे एकट्या आजीचं उत्पन्न रेषेच्या ३.१५ पौंड वर. नकार बरोबर, असं वाटतं.

पण घरात मूल आलं की ती रेषाच वर सरकते. १ फेब्रुवारी २०१९ पासून पेन्शन क्रेडिटमध्ये मुलांसाठी वेगळी भर आहे: २०२५-२६ मध्ये प्रत्येक मुलामागे आठवड्याला ६७.४२ पौंड, आणि सगळ्यात मोठं किंवा एकुलतं मूल ६ एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेलं असेल तर त्याच्यासाठी ७८.१० पौंड.

आता तीच आजी, आणि २०१८ मध्ये जन्मलेली तिची नात. रेषा झाली २२७.१० अधिक ६७.४२, म्हणजे २९४.५२. त्यातून पेन्शन २३०.२५ वजा करा. दर आठवड्याला ६४.२७ पौंड, वर्षाला तीन हजार तीनशेच्या वर. मुलाशिवाय ज्या बाईला शून्य मिळतं तिला मुलासकट एवढं मिळतं. दोन नातवंडं असतील, एक २०१५ चा आणि एक २०१९ ची, तर रेषा ३७२.६२ वर जाते आणि आठवड्याचे १४२.३७ पौंड होतात.

हे आकडे दर एप्रिलला बदलतात, म्हणून चालू वर्षाचे आकडे घेऊन मांडणी हीच ठेवा. आणि नातवंडं येण्याआधी तुम्हाला नकार मिळाला असेल तर त्या नकाराचं पत्र बाजूला ठेवून हिशेब पुन्हा करा. तेव्हा रेषा खाली होती.

उत्पन्नात काय धरायचं? स्टेट पेन्शन, नोकरीची पेन्शन, पगार, आणि हो, भारतातली पेन्शनही. राज्य सरकारची असो वा बँकेची, सांगायचीच. चाइल्ड बेनिफिट धरायचं नाही. अटेंडन्स अलाउन्ससारखे अपंगत्वाचे पैसे धरायचे नाहीत.

बचतीचे पहिले दहा हजार पौंड मोजत नाहीत. त्यावरच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. चौदा हजार असतील तर आठ पौंड, म्हणजे वरच्या आजीचे ६४.२७ चे ५६.२७ होतात. युनिव्हर्सल क्रेडिटसारखी वरची मर्यादा इथे नाही.

आता तिकडच्या एफडीबद्दल

'तिकडची एफडी इकडे कुणाला कळतेय?' हा प्रश्न मला दबक्या आवाजात, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारला जातो. उत्तर: कळते. ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांच्या कर खात्यांमध्ये बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप दिली-घेतली जाते. भारतातल्या ठेवी, पोस्टातली बचत, म्युच्युअल फंड, शेअर्स हे सगळं बचतीत धरावं लागतं. लपवलेलं नंतर सापडलं तर पैसे वसूल होतात आणि दंडही लागतो.

घराचं थोडं वेगळं. तुम्ही इथे राहता ते घर मोजत नाहीत. भारतातला रिकामा फ्लॅट मोजतात. पण त्या घरात तुमचे पेन्शनच्या वयातले किंवा आजारी जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते मोजणीतून सुटू शकतं. वडिलोपार्जित घरात सहा जणांचा हिस्सा असेल तर अख्ख्या घराची किंमत तुमच्या नावावर टाकू नका. तुमचा हिस्सा आज बाजारात विकायला काढला तर काय येईल, हा प्रश्न असतो, आणि भावकीत अडकलेला एक-षष्ठांश हिस्सा बाहेरचं कोण घेणार? हे सगळं लेखी सांगा. एलआयसीच्या पॉलिसीची सरेंडर किंमत मोजत नाहीत, पण पॉलिसी पिकून पैसे खात्यात आले की ती बचत झाली.

मूल कायद्याने 'तुमचं' आहे का?

दत्तक घेतलेलं असण्याची गरज नाही. कोर्टाचा आदेश हवाच असंही नाही. मूल सर्वसाधारणपणे तुमच्याकडे राहतं आणि जबाबदारी तुमची आहे, हे पुरेसं. वय सोळाच्या आत, किंवा मान्यताप्राप्त शिक्षण चालू असेल तर विसाच्या आत.

फसगत होते ती काउन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, मूल तुमच्याकडे ठेवलं असेल तेव्हा. सोशल वर्करच्या तोंडी 'तुमच्याकडे राहील' एवढंच असतं, पण कायद्याच्या भाषेत ते मूल काउन्सिलच्या ताब्यातलं, म्हणजे 'लुक्ड आफ्टर', असू शकतं. मग तुम्ही नातेवाईक असूनही फॉस्टर पालक ठरता. पेन्शन क्रेडिटमधली मुलाची भर मिळत नाही, पण काउन्सिलकडून फॉस्टरिंगचा भत्ता मिळायला हवा. दोन्हीपैकी एकही न मिळता आजी-आजोबा महिनोन्महिने पदरचे पैसे घालताना मी पाहिलं आहे. सोशल वर्करला एकच प्रश्न लेखी विचारा: हे मूल 'लुक्ड आफ्टर' आहे की नाही? उत्तर ईमेलवर घ्या. नाही असेल तर तुमचा पेन्शन क्रेडिटचा अर्ज उभा राहतो. हो असेल तर भत्ता मागा. कोर्टाकडून 'स्पेशल गार्डियनशिप'चा, म्हणजे मुलाचं पालकत्व तुमच्याकडे देणारा, आदेश घेण्याची गोष्ट निघाली तर सही करण्याआधी भत्ता किती आणि किती वर्षं, हे ठरवून घ्या. नातेवाइकांची मुलं वाढवणाऱ्यांसाठी 'किनशिप' नावाची धर्मादाय संस्था इंग्लंड आणि वेल्समध्ये मोफत सल्ला देते, तिथे या विषयातली माणसं आहेत.

चाइल्ड बेनिफिट स्वतःच्या नावावर करून घ्या

मूल तुमच्याकडे आणि चाइल्ड बेनिफिट अजून लेकीच्या खात्यात, हे खूप घरांत चालतं. बोलायचं अवघड जातं. पण एका मुलासाठी ते एकालाच मिळतं, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी 'मूल कोणाकडे आहे' याचा पुरावा म्हणून पहिल्यांदा तेच बघितलं जातं. २०२५-२६ चा दर पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५. मागचे जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, म्हणून महिनाभर विचार करत बसू नका. लेकीला समजावून सांगा की ती स्वतः कळवेल तर काम सोपं होतं.

मुलाचे आई-वडील दोघेही हयात नसतील, किंवा काही विशेष परिस्थितीत एकच हयात असेल, तर याच्या वर गार्डियन्स अलाउन्स मिळतो, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २२.१० पौंड. त्यासाठी आई-वडिलांपैकी एकाचा ब्रिटनशी जन्माचा किंवा वास्तव्याचा संबंध लागतो. दुःखाच्या दिवसांत हा फॉर्म कुणाला आठवत नाही, आणि कुणी आठवणही करून देत नाही.

अर्ज: फोन उचला

पेन्शन क्रेडिटचा ऑनलाइन अर्ज मुलं नसलेल्यांसाठी बनवला आहे. मुलं जोडायची असतील तर फोन करा: ०८०० ९९ १२३४, हा मोफत नंबर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी. उत्तर आयर्लंडचं पेन्शन केंद्र वेगळं आहे. फोनआधी समोर ठेवायच्या गोष्टी अशा: दोघांचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, पेन्शनची ताजी पत्रं, बचतीचे आकडे (भारतातले पौंडांत करून), घरभाडं किंवा घराच्या कर्जाचा कागद, मुलाचा जन्मदाखला, चाइल्ड बेनिफिटचं पत्र, आणि मूल तुमच्याकडे कोणत्या तारखेपासून राहतंय ती तारीख. शाळेकडून 'या पत्त्यावर राहतो' असं दोन ओळींचं पत्र घेतलं तर उत्तमच.

इंग्रजीत अडखळायला होत असेल तर सुरुवातीलाच दुभाषा मागा. तो मोफत असतो. मुलगा-सून तुमच्या वतीने बोलू शकतात, पण तुम्ही शेजारी बसलेलं असावं लागतं. सुरुवातीला तुमची ओळख पटवतात. नातवाला दुभाषा करू नका. आईबद्दलचे प्रश्न येतात, आणि ते पोराच्या तोंडून वदवून घेणं बरं नव्हे.

पहिल्याच मिनिटात सांगायचं वाक्य: 'मला पेन्शन क्रेडिटचा अर्ज करायचा आहे आणि माझ्यावर एका मुलाची जबाबदारी आहे.' मुलाचा उल्लेख तुम्ही केला नाही तर पलीकडून प्रश्न येईलच, यावर विसंबू नका. मी बसवलेल्या एका फोनमध्ये सगळा अर्ज संपल्यावर आजोबा म्हणाले, 'आणि हा आमचा बंटी पण इथंच असतो.' पुन्हा श्रीगणेशा.

मागचे तीन महिने मागून घ्या. 'बॅकडेट करा' असं स्पष्ट म्हणा, आणि त्या तीन महिन्यांतही मूल तुमच्याकडे होतं हे सांगा. फोन संपला की तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा.

मुलाला अपंगत्व असेल तर मुलांसाठीचा डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स आधी मागा (स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी चाइल्ड डिसेबिलिटी पेमेंट). तो मंजूर झाला की पेन्शन क्रेडिटमधली मुलाची रक्कम आणखी वाढते. त्या मुलाची देखभाल आठवड्याला ३५ तास करत असाल तर केअरर्स अलाउन्सचाही (देखभाल करणाऱ्याचा भत्ता) अर्ज करा, जरी 'तुम्हाला स्टेट पेन्शन आहे, म्हणून पैसे देता येत नाहीत' असं उत्तर येणार हे माहीत असलं तरी. वेडेपणा वाटेल. पण त्याच पत्रात 'हक्क आहे, रक्कम नाही' अशी नोंद असते, आणि ती दाखवली की पेन्शन क्रेडिटची रेषा आणखी वर जाते, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ४६.४० पौंडांनी. नकाराचं पत्र इतकं कामाचं मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक किल्ली, बरीच कुलपं

पेन्शन क्रेडिटचा 'गॅरंटी' भाग, म्हणजे वर मांडलेली तूट भरून देणारा, आठवड्याला दोन पौंड मिळाला तरी तो सोडू नका, कारण त्याच्या मागे बाकीचं येतं. इंग्लंडमध्ये मुलाला शाळेतलं मोफत जेवण, दातांचे उपचार आणि चष्म्याला मदत, काउन्सिल टॅक्समध्ये सूट, भाड्याच्या घरात असाल तर हाउसिंग बेनिफिट, हिवाळ्यात वीजबिलात वॉर्म होम डिस्काउंटचे १५० पौंड. टीव्ही लायसन्स पंचाहत्तरीनंतर फुकट. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर सोळाखालच्या प्रत्येक मुलामागे स्कॉटिश चाइल्ड पेमेंट, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २७.१५ पौंड. यातली बरीचशी कुलपं स्वतः उघडावी लागतात. शाळेच्या ऑफिसात जा, काउन्सिलला वेगळा फॉर्म द्या. बेनिफिट कॅप, म्हणजे एकूण मदतीवरची कमाल मर्यादा, पेन्शन क्रेडिट घेणाऱ्यांना लागू नाही.

पुण्याला किती दिवस जाता?

हा भाग आपल्याच लोकांसाठी. हिवाळा सुरू झाला की तीन महिने भारतात जायची सवय असते. पेन्शन क्रेडिट देशाबाहेर चार आठवडेच चालू राहतं, आणि तेही जाताना त्याहून जास्त राहायचा बेत नसेल तरच. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे लगेच परतणं शक्य नसेल तर आठ आठवड्यांपर्यंत, आणि वैद्यकीय उपचारांसाठी गेला असाल तर सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढवता येतं. चाइल्ड बेनिफिट आठ आठवडे चालतं, आजारपण किंवा मृत्यूच्या कारणाने बारा. जाण्याआधी फोन करून तारखा कळवा.

बोर्डिंग पास टाकू नका, येतानाचे तर मुळीच नाही. २०२५ च्या शरदात प्रवासाच्या अर्धवट नोंदींवरून हजारो घरांचं चाइल्ड बेनिफिट थांबवलं गेलं. त्यातली बरीच माणसं वेळेत परत आलेली होती, परतीची नोंद तेवढी सरकारी यादीत नव्हती. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं काम लवकर झालं.

आणि कायमचं परत जायचा विचार असेल तर: स्टेट पेन्शन भारतात मिळते, पण तिथे ती दरवर्षी वाढत नाही, आहे तिथेच गोठते. पेन्शन क्रेडिट पूर्ण बंद होतं.

अजून साठीतच असाल तर

पेन्शनचं वय व्हायचं आहे, पण मुलगी नोकरीला जाते आणि बारा वर्षांखालचं नातवंड तुम्ही सांभाळता, तर मुलीच्या चाइल्ड बेनिफिटच्या नोंदीवरचं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट तुमच्या नावावर करता येतं. पैसे हातात येत नाहीत, पण स्टेट पेन्शनची कमी पडणारी वर्षं भरून निघतात. मुलीने चाइल्ड बेनिफिटची नोंदणी केलेली हवी आणि फॉर्मवर तिचीही सही लागते. त्या त्या आर्थिक वर्षाचा अर्ज पुढच्या ३१ ऑक्टोबरनंतर करायचा. मागची वर्षंही मागता येतात, २०११ पर्यंतची.

नकार आला तर

पत्रावरच्या तारखेपासून एक महिना. तेवढ्यात 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' मागायचं, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा. लेखी मागा, आणि तुमचा वहीतला हिशेब सोबत जोडा. मुलाची भर धरलेलीच नाही, ही चूक सापडायला अशा वेळी दोन मिनिटं लागतात. तिथेही नकार आला तर आणखी एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील. त्याला फी नाही. एज यूके (ज्येष्ठांसाठीची धर्मादाय संस्था) आणि सिटिझन्स ॲडव्हाइस दोन्हीकडे मदत मिळते.

मिळायला लागल्यावर कळवायच्या गोष्टी: मूल आईकडे परत गेलं, घरात कुणी राहायला आलं, बचत वाढली, कुणाला अपंगत्वाचे पैसे सुरू झाले. फोनवर कळवलं तरी त्याची तारीख वहीत.

आणि सोळावं वर्ष. मूल सोळाचं झाल्यावर येणाऱ्या ३१ ऑगस्टला चाइल्ड बेनिफिट थांबतं, पुढे शिकतोय असं तुम्ही कळवलं नाही तर. त्या उन्हाळ्यात तसं विचारणारं एक पत्र येतं, नेमकं परीक्षेच्या आणि निकालाच्या धामधुमीत. त्याचं उत्तर पाठवा, आणि त्याच दिवशी पेन्शन क्रेडिटच्या नंबरवरही फोन करा. ती दोन खाती वेगळी आहेत, एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळतंच असं नाही.